नानांची पीएगिरी

पुढाऱ्याचा पीए झालं की फायली परत द्याव्या लागतात, किस्से मात्र आपल्याकडेच साठत जातात! आमचे नाना आधी अकोले तालुक्यातले आमदार, मग थेट परराज्यात राज्यपाल. नव्वदच्या दशकात मी सगळीकडे त्यांच्या मागे.

*

पहिली निवडणूक नाना हरले. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाले, "जीप काढ. राजूरच्या वरच्या वाडीला जायचंय."

"नाना, आता कशाला?"

"निकालानंतर येतो म्हटलं होतं. जिंकलो तरच येतो, असं न्हाई म्हटलं."

वाडीतल्या एका म्हातारीनं तोंडावर सांगितलं, "आमी तुला मत न्हाई दिलं, बाबा."

"माहीत हाय, मावशी. पाणी तरी दे!"

पुढच्या खेपेला त्या वाडीतलं एक मत इकडंतिकडं झालं नाही.

*

आमदार झाल्याबरोबर नानांनी त्याच वाडीचा रस्ता मागितला. इंजिनिअर म्हणाला, "सर, तो पूर्ण झालाय. रेकॉर्डला आहे."

नाना उठलेच. "चला, तुमच्या गाडीतून बघून येऊ."

डांबर अर्ध्यातच संपलं. साहेब बूट हातात घेऊन चिखलातून वर चढायला लागले. मागून नाना म्हणाले, "सावकाश, साहेब. रस्ता नवा हाय!"

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. दर सोमवारी नाना तिथं हजर. एसटी वाडीत पोचली, तेव्हाच हा माणूस थांबला.

*

राज्यपालपदाचा फोन आला तेव्हा नाना गुडघाभर चिखलात भात लावत होते. मी बांधावरून पळत जाऊन सांगितलं.

नाना विचारात पडले. "इतक्या लांब? मला तिथली भाषा न्हाई येत."

शेजारीच काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, लावणी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इथली येती, तरी कोन ऐकतंय तुमचं?"

*

राजभवनात दीड वर्ष झालं असेल. तिथलं सरकार दिल्लीला नको होतं. कारभार कोलमडलाय, असा अहवाल नानांनी पाठवावा म्हणून रोज निरोप यायचे. नाना एकच सांगायचे, "बहुमत सभागृहात मोजा." शेवटी तसंच झालं. सरकार टिकलं.

त्याच दुपारी दिल्लीहून फोन आला. बोलणारे नानांचेच जुने मराठी सहकारी. आवाज इतका चढलेला, की शेजारी उभ्या मलाही ऐकू येत होतं.

"नाना, विसरू नका! तुम्हाला आम्ही बसवलंय!"

"व्हय, बसवलंय की," नाना शांतपणे म्हणाले. "पण खुर्चीवर. मांडीवर न्हाई!"

फोन ठेवला आणि काकूंना हाक मारली, "अगं, सामान बांधायला घे!"