फ्रुमेसाठी दहावा माणूस

टोप्या शिवण्यात जन्म घालवलेला झेलिग वाक्समन स्वभावाने वाईट नव्हता, पण हट्टी असा की देवालाही हात टेकायला लावील. त्या हट्टानेच त्याचं वाटोळं केलं.

एकुलत्या एका मुलाने, नफ्तुलीने, ख्रिश्चन मुलीशी लग्न केलं, तेव्हा झेलिगने आम्हा ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे कोट फाडला, आरशांवर चादरी टाकल्या आणि बुटक्या स्टुलावर बसून जिवंत पोराचं सात दिवस सुतक पाळलं. बायको फ्रुमे स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पुढे ती खंगत गेली आणि गेलीच.

आज तिची पहिली पुण्यतिथी. मेलेल्यासाठी काडिशची प्रार्थना म्हणायची तर दहा ज्यू पुरुष लागतात. ब्राँक्समधल्या आमच्या प्रार्थनाघरात पूर्वी उभं राहायला जागा नसायची. आता जो तो मुलांच्या मागे उपनगरात गेलेला. झेलिगने दुपारभर जिने चढून दारं ठोठावली, मासळीवाल्याला दुकान बंद करायला लावलं, तेव्हा कुठे त्याला धरून नऊ जमले. सूर्य बुडला की फ्रुमेचा दिवस संपणार, त्याच्या आत दहावा हवा होता.

तेवढ्यात नफ्तुली आत आला. आईच्या दिवसासाठी आलोय म्हणाला.

प्रार्थनाघराची देखरेख करणारा योंकल हरखला. "चला, झाले दहा. झेलिग, कर सुरू."

"नऊच आहेत," झेलिग म्हणाला.

"डोळे फुटले का तुझे? हा काय उभा आहे."

"त्याचं सुतक मी पाळलंय. मेलेला माणूस मोजत नाहीत."

योंकलने समजावलं, बायको कुणीही असो, शास्त्राने पोरगा मोजला जातो. मासळीवाला तर चिडलाच. नफ्तुली हळूच म्हणाला, "बाबा, आजच्यापुरता मोजा. आईसाठी. उद्या पुन्हा मेलो म्हणा."

झेलिगच्या अगदी ओठांवर 'बरं' आलं होतं. पण पोरगा जिवंत म्हटला की ते सात दिवस खोटे ठरत होते, आणि फ्रुमे उगाचच झुरून मेली, असं होत होतं. एवढं कबूल करायची त्याची छाती झाली नाही. तो बाक घट्ट धरून उभा राहिला. खिडकीतलं ऊन गेलं.

माणसं एकेक करून निघाली. "दगड आहेस तू," योंकल जाता जाता म्हणाला. नफ्तुली सगळ्यांच्या मागून गेला.

मग रिकाम्या बाकांसमोर झेलिग नियम मोडून एकटाच काडिश म्हणू लागला. इतरांनी आमेन म्हणायची जागा आली, तिथे तो थांबला. थोडा वेळ वाट पाहून त्याने पुढची ओळ घेतली, आणि पुन्हा थांबला.