चार महिन्यांचं फिटिंग

"सास सोड, सास! मी काय फुगा मापून राहिले?"

छातीभोवती टेप आला की बाई श्वास आत ओढून उभी राहते. तुम्ही पाहिलं असेल, कदाचित स्वतःही केलं असेल. निलंग्यात आमच्या शाळेमागच्या गल्लीत जिचं शिलाईचं दुकान होतं, ती अशा वेळी टेप तसाच धरून छताकडे बघत उभी राहायची. समोरचीचा दम संपला की मग आकडा घ्यायची. आम्ही सगळ्या तिला आपा म्हणायचो.

आपाचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जायचा. भाजीच्या भावापासून नवऱ्यांच्या अकलेपर्यंत सगळं ती ओरडूनच बोलायची. मापाचा आकडा मात्र ओठातल्या ओठात. वहीत लिहायची तोही उर्दूत, म्हणजे सोबत आलेल्या जावेला वाचता येऊ नये.

एका वर्षी गॅदरिंगसाठी आम्हा बारा शिक्षिकांना एकसारख्या साड्या मिळाल्या. ब्लाऊजची मापं हेडसरांनी एका कागदावर मागवली आणि तो कागद शिपाई वर्गावर्गात फिरवू लागला. त्याच्यासमोर खरा आकडा कोण लिहिणार? पहिलीने चौतीस लिहिलं. खाली सगळ्यांनी चौतीसच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आपा तो कागद घेऊन शाळेत हजर.

"सर, साऱ्या शाळेची छाती चौतीस? लेकरं जुळी होतात, पण बारा मास्तरणी जुळ्या कशा?"

हेडसर टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवू लागले. आतून कडी लागणारी खोली शाळेत एकच होती, त्यांची. आपाने त्यांना व्हरांड्यात काढलं आणि आम्हाला एकेक करून आत घेतलं. अर्ध्या तासाने दार वाजलं.

"आपा, माझी एक फाईल आत राहिलीय."

"फाईलचं माप न्हाई घ्यायचं सर. थांबा."

माझी पाळी शेवटी आली, दुपारी एकला. माझी मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं. जागा कंत्राटी. अंगावर पिणारं लेकरू आहे म्हटलं असतं तर ती मिळालीच नसती. सकाळी पाजून निघायचे ते थेट संध्याकाळी घरी. दुपारपर्यंत छातीचे दगड व्हायचे. वरून स्वेटर चढवून मी पाढे शिकवायचे.

आपाने आधी काखेखालून, छातीच्या वरच्या बाजूने टेप फिरवला. मग उभारावरून. टेप लागला तशी मी कळवळले. तिने हात काढून घेतला. माझा ब्लाऊज ओला झाला होता.

"किती महिन्याचं?" तिने इतक्या हळू विचारलं की मला आधी कळलंच नाही.

"पाच. सरांना सांगू नका आपा, नोकरी जाईल." मला रडू फुटलं.

"घरी कोन हाय?"

"सासूबाई."

तिने वहीत दोन आकडे लिहिले आणि माझं रडणं थांबेपर्यंत शिलाईचंच सांगत बसली. "हे बघ, तुझी वरची छाती लहान हाय. पुढून चार इंच जास्त हाय. दुसरे अख्खा ब्लाऊजच मोठा कापतेत, मग खांदे लोंबतेत. मी वरच्या मापाचा कागदी साचा घेते, पुढचाच भाग चिरते न् तिथंच जोड देते. खांद्याला कशापायी शिक्षा?"

मग तिने दार उघडलं आणि नेहमीचा आवाज लावला. "सर, ह्या बाईचं फिटिंग लई अवघड हाय. उद्यापासून रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडं पाठवा."

"रोज? ते कशासाठी?"

"समजून सांगू?"

"नको, नको!" हेडसरांनी घाईघाईने आत येऊन पृथ्वी उचलून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई मुलीला घेऊन दुकानात यायच्या. ट्रायलच्या पडद्याआड बसून मी तिला पाजायचे. बाहेर कुणी आलं की आपा गरजायची, "आत ट्रायल चालू हाय!" आणि आपलं म्हणणं अगदीच खोटं ठरू नये म्हणून ती खरोखरच माझ्या ब्लाऊजच्या बाजू उसवायची, पुन्हा शिवायची. मुलगी भाताची पेज खाऊ लागली तसं माझं माप उतरत गेलं आणि आपा टक्स आत घेत गेली.

गॅदरिंग झालं, वार्षिक परीक्षा जवळ आल्या. एका दुपारी हेडसर स्वतःच दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. मी पडद्याआड.

"आपा, एका ब्लाऊजचं फिटिंग चार महिने?"

"छाती हाय सर, खांब न्हाई. बदलत राहते."

नेमकी तेव्हाच मुलगी रडली. आपा मशीन जोरजोरात चालवू लागली. मी मुलीला घट्ट धरून बसले होते. नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं.

"ट्रायल रडते का हो?" हेडसरांनी विचारलं.

"टाइट असलं की रडते," आपा कशीबशी म्हणाली.

मग सरांचा आवाज आला, "सुट्टी संपायला दहा मिनिटं आहेत. बाईंना म्हणावं, घाई करू नका."

जूनमध्ये माझं कंत्राट पुढे वाढलं. त्या दुपारबद्दल हेडसर कधीच काही बोलले नाहीत.

गेल्या वर्षी आपाला सुईत दोरा ओवता येईना. ती बीदरला लेकीकडे राहायला निघाली. मी आणि माझी मुलगी, आता ती तिसरीत आहे, दोघी स्टँडवर गेलो. एसटीत खिडकीशी बसून आपाने मशीनचं डोकं गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे मागं ठेवा."

आता ही सगळी गाडी डोक्यावर घेणार, म्हणून मी वाट बघत राहिले. आपाने फक्त गोधडीचं टोक नीट केलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. कंडक्टर जरा वेळ उभा राहिला, मग पुढच्या सीटकडे गेला. माझी मुलगी हात हलवत होती. आपाचे दोन्ही हात मशीनवर होते.