पट्ट्याला खोबरेल तेल

आमच्या स्नो ब्लोअरचे दोन पट्टे मी एकाच सकाळी मारले, आणि दोन्ही प्रेमाने.

२००४ मध्ये न्यू जर्सीत घर घेतलं, तेव्हाच बर्फ उडवायचं हे मशीन आलं. दसऱ्याला मी त्याची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार आणि इंजिनाच्या जोरावर पाती फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याला भरपूर खोबरेल तेल! (पुण्यात आमच्याकडे शिवणयंत्रापासून सायकलपर्यंत सगळ्यांना तेल मिळायचं. मग यानेच काय घोडं मारलं होतं?)

डिसेंबरात सासू-सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत यायचे होते. विमान दुपारी एकला. सकाळी उठून बघतो तर गाडीपुढे गुडघाभर बर्फ!

"घाबरू नकोस," मी बायकोला, वैशालीला, म्हणालो, "वीस मिनिटांत रस्ता मोकळा!"

मशीन सुरू केलं. इंजिन गरजलं, पण पाती ढिम्म! पट्टा नुसता किंचाळत होता.

"अरे, ते ओरडतंय का?"

"कोरडं पडलंय बिचारं!"

थंडीने बाटलीतलं तेल गोठलं होतं. मी ते मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं आणि उरलंसुरलं सगळं पट्ट्यावर ओतलं. पुढच्याच मिनिटाला भसाभस धूर निघाला आणि पट्टा फाटकन तुटला! मी हबकून दोन पावलं मागे सरलो आणि थेट बर्फात बसलो.

शेजारचे सत्तरीचे फ्रँककाका धावत आले. त्यांच्याकडे अगदी तसंच मशीन होतं आणि जपून ठेवलेला एक जादा पट्टाही. देवमाणूस! त्यांनी झाकण काढलं, नवा पट्टा चढवला आणि "थांब हं, कॉफी आणतो" असं इंग्रजीत म्हणून घरात गेले.

मी पट्ट्याला हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत! मला अगदी भरून आलं. स्वयंपाकघरातून तुपाची वाटी आणली.

काका परतले तेव्हा दुसराही पट्टा धूर सोडत लोंबत होता. त्यांच्या हातातली कॉफी बर्फात सांडली.

"हू ऑइल्ड धिस बेल्ट?"

मी वैशालीकडे बघितलं. वैशालीने माझ्याकडे बघितलं.

"बाबा डिड!" आमची सहा वर्षांची मनू ओरडली. "फर्स्ट कोकोनट ऑइल, देन तूप!"

"पट्टा कोरडाच हवा!" काका कपाळाला हात लावून इंग्रजीत ओरडले. "तेल लागलं की तो घसरतो, तापतो आणि जळतो!" माझ्या पायाखालचा बर्फ सरकला. इंजिनिअर आहे हो मी! मेकॅनिकल!

एक वाजून गेला. वैशालीने रडवेल्या आवाजात आईवडिलांना फोनवर टॅक्सी करायला सांगितलं. पहिल्यांदाच परदेशात आलेली माणसं, आणि त्यांना आणायला जावईसुद्धा नाही! शरमेने मी फावडं उचललं. काकाही फावडं घेऊन खणू लागले; आपलं मशीन माझ्या जवळपास आणायला ते तयार नव्हते.

टॅक्सी आली तेव्हा आम्ही जेमतेम पायरीपर्यंत पोचलो होतो. नऊवारी वर खोचून सासूबाई बर्फ तुडवत आल्या. मी खाली मान घालून नमस्काराला वाकलो.

"असू दे हो," त्या मायेने म्हणाल्या आणि पिशवी उघडली. "तुम्ही फोनवर सांगितलं होतं ना, तेल संपत आलंय म्हणून? हे बघा, घाण्याचं खोबरेल आणलंय, चार बाटल्या!"

फ्रँककाकांनी बाटल्या पाहिल्या, तडक घरी गेले आणि आपल्या गॅरेजला कुलूप लावलं.