चार डोळ्यांची जकात

आमच्या मंडळीचा डावा डोळा भाताच्या मळणीत गेला. कुसळ उडून आत बसलं, तिनं ते अंगावर काढलं, आणि पुण्याच्या डॉक्टरकडं नेईपर्यंत डोळा काढून टाकण्यावाचून गत राहिली नव्हती. तेव्हापासून तिनं अर्ध्या तोंडावर पदर ओढला तो कुणापुढं सरकवला नाही. पाण्याला जायची तीसुद्धा बाकीच्या बाया येऊन गेल्यावर.

अशात तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, भरे गावी. ती एकुलती बहीण, म्हणजे करवली तीच. हातात करा-दिवा घेऊन नवरदेवाच्या मागं अख्ख्या मांडवासमोर उभं राहायचं.

"मी न्हाई यायची," ती म्हणाली. "लोक नवरी सोडून मलाच बघत बसतील."

"बघू दे की."

"तुमाला काय हुतंय बोलायला. दोन हायेत तुमाला."

डॉक्टर म्हणाला, काचेचा डोळा बसवता येईल, पण तो विलायतेतून मागवावा लागेल. रंग ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून तिकडचा दुकानदार एक पाठवत नाही, चार पाठवतो. जुळेल तो ठेवायचा, तेवढ्याचीच किंमत द्यायची, बाकीचे परत. मला ह्याचं लई नवल वाटलं. तोंड न बघितलेल्या माणसावर एवढा भरवसा. डॉक्टरनंच आमच्या नावानं पत्र घातलं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा पौडच्या पोस्टात पार्सल आलं. मी गेलो तर पोस्टमास्तर म्हणाले, आधी कस्टमचा आकार भरा. आकडा सांगितला तो खिशात होता त्याच्या किती तरी पुढं होता.

जकात मला नवी नव्हती. तांदूळ घेऊन पुण्याला गेलो की वेशीवरच्या नाक्यावर भरत होतोच. पण तिथली रीत अशी, की माल खपला नाही आणि परत बाहेर काढला, तर पावती दाखवून पैसे माघारी मिळायचे. तोच हिशोब मी इथं मांडला.

"मास्तर, ह्यातले तीन डोळे परत जाणार हायेत. एकाचीच जकात घ्या."

"अहो, हा काय वेशीवरचा नाका आहे? मुंबई बंदरावर चार उतरले, चारांची पडली."

"बाईचा एकच डोळा गेलाय."

"मग उरलेले तुम्ही लावा."

"बरं, एकाचे पैसे घ्या अन् एक द्या. तीन ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"कुठला देऊ? मी डबा फोडला तर माझी नोकरी जाईल. घ्यायचा तर सगळा, नाही तर मुदत संपली की सगळा परत."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं भलतंच विचारलं.

"मुंबईला डबा उघडला व्हता का?"

"उघडल्याबिगर आकार कसा लावतील?"

"म्हंजी तो माणूस रोज घड्याळं, अत्तरं बघत असंल. अन् त्यानं झाकण काढलं तर आतनं चार डोळे त्याच्याकडं बघतायत." ती हसायला लागली. डोळा गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "शेळी इका."

शेळी विकली. पौडला तीही आली, पदर तसाच ओढून. पैसे भरल्यावर मास्तरांनी पार्सल पुढं सरकवलं. तिनं तिथंच सुतळी सोडली. कापसात चार डोळे. दोन तपकिरी, एक काळा, एक निळा. निळा कशाला घातला होता देव जाणे. मास्तर, डाकवाला, तिकिटाला आलेला एक म्हातारा, सगळे वाकले.

"मास्तर, आरसा हाय का?" असं म्हणून तिनं पदर खाली घेतला. त्या सगळ्यांपुढं. ते डोळ्यांकडं बघत होते, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मास्तरांनी दाढीचा आरसा आणून दिला. तिनं एकेक डोळा चांगल्या डोळ्याशेजारी धरून बघितला. तपकिरीतला फिका जुळला. निळा मात्र तिनं किती तरी वेळ तळहातावर धरला. "असल्या डोळ्याच्या बाईला आभाळ कसं दिसत असंल?" मास्तरांनी तो उजेडाला धरून बघितला.

डॉक्टरनं तो फिका तपकिरी बसवला. लग्नात ती करा-दिवा घेऊन उभी राहिली, तोंडावर पदर न ओढता. नवरीच्या मावशीनं एवढंच विचारलं, की लुगडं कुठून घेतलं.

मला एक गोष्ट आजही उमगत नाही. जे तीन डोळे आम्ही विकत घेतलेच नाहीत, त्यांची जकात आम्ही आधी का भरली? डॉक्टरनं ते परत धाडून मुंबईला अर्ज केला आणि पावसाळा संपल्यावर त्या तिन्हींचे पैसे मनिऑर्डरनं आले, थोडे कापून. म्हणजे नाक्याची रीत बंदरालाही ठाऊक होती, मास्तरांनाच नव्हती. त्या पैशांत शेळी आली नाही, करडू आलं.

पुढं प्लॅस्टिकचे डोळे पुण्यातच मिळायला लागले. रोज ती तसला लावी. काचेचा डबीत, लग्नकार्यापुरता. गेल्या साली ती गेली तेव्हा सुनेनं विचारलं, कुठला लावू? मी म्हणालो, काचेचा. सावडायला गेलो तर राखेत काचेचा एक वेडावाकडा थेंब सापडला, तपकिरी रंग पार उडालेला. तो मी नदीत सोडला नाही. त्याच डबीत हाय.

मुंबईच्या त्या माणसाची आठवण ती अधनंमधनं काढायची. दचकला असंल का, घरी जाऊन बायकोला सांगितलं असंल का. तिचा तो डोळा आमच्या आधी त्यानं बघितला. भेटला असता तर मी विचारलं असतं. आता विचारून सांगू कुणाला?