बनुबाईनं फेरात नाचवलेली संख्या

पलूसजवळच्या त्या गावात बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला, तेव्हा बनुबाईनं पहिल्याच दुपारी सांगून टाकलं, "मला अक्षरं नगा शिकवू. त्यास्नी काना-मात्रा लय." शिकवणारी त्रिशला हसली. जिनपाल व्यापाऱ्याची ही मुलगी सांगलीच्या कॉलेजातून नुकतीच बी.एस्सी. होऊन आली होती. तिनं बनुबाईला आकड्यांवर मोकळं सोडलं. नवरा फौजेत, लेकी सासरी. घरात बोलायला कुणी नाही. बनुबाई गुणाकाराला अशी चिकटली की विचारू नका.

१९७९च्या श्रावणात त्रिशलानं फळ्यावर लिहिलं, १४२८५७. "मावशी, हिला दोनानं गुणा."

आलं २८५७१४. बनुबाई बघतच राहिली. "ताई, ही तर तीच मान्सं! निस्ती जागा बदलून बसल्यात."

तिनानं ४२८५७१. चारानं, पाचानं, सहानंही तेच आकडे, एकामागं एक त्याच ओळीनं. म्होरक्या तेवढा दर खेपेला नवा. बनुबाई हरखून गेली. सातानं गुणायचं तिनं घरी करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती तोंड पाडून. "माजं चुकलं जनू. समदे नऊच येत्यात."

"चुकलं न्हाई, मावशी. सातानं ९९९९९९च येतं. तुमची गंमत जाईल म्हनून बोलले न्हाई मी."

"आन् मी परत परत गुणत बसून कालवण करपवलं की गं!" बनुबाई पोट धरून हसली.

पंचमीला बायका फेर धरायला जमल्या. बनुबाईनं पाच जणींच्या हातात आकडे लिहिलेल्या पाट्या दिल्या, सातची स्वतः घेतली. ती "पाचानं!" म्हणून ओरडली की फेर सरकायचा आणि ७१४२८५ होऊन थांबायचा. "सातानं!" म्हटल्यावर सगळ्यांनी पदरानं पाट्या पुसून नऊ काढले.

"आन् आठानं?" फेरातल्या शालूबाईनं विचारलं.

बनुबाईनं मातीत बोटानं गुणलं. ११४२८५६. पाट्यांवर परत आकडे चढले. शेवटच्या सातचे सहा झाले आणि पुढं एक आकडा वाढला. बाई कमी पडली! भिंतीला टेकून हरणाबाई उभी होती. ह्या वयात कसली पाटी, म्हणून तिनं वर्गाकडं कधी पाऊल टाकलं नव्हतं. बनुबाईनं तिला ओढलीच आणि हातात पाटी दिली. "वाटूळं काड आन् खाली शेपूट सोड. झाला एक!"

हरणाबाईनं एक काढला.

फेर बघायला आलेली त्रिशला म्हणाली, "आता काकूंचा एक उचला आन् शेवटच्या सहात मिळवा."

सहाचे सात झाले. पहिली संख्या पुन्हा जशीच्या तशी उभी!

"म्हंजी माज्यामुळं जमलं व्हय?" हरणाबाईनं विचारलं आणि सोमवारी ती नवी पाटी घेऊन वर्गात येऊन बसली.

त्या दिवशी बनुबाईनं त्रिशलाला विचारलं, "ताई, अशी फिरनारी ह्याहून मोटी हाय का?"

"हाय की. सोळा आकड्यांची."

"मग सोळा बाया पायजेत," म्हणत बनुबाईनं हरणाबाईला उठवलं आणि दोघी वर्गासाठी बायका गोळा करायला खालच्या आळीकडं निघाल्या.