निर्गुडीला आवतण

अख्ख्या परंडा तालुक्यात झाडाला जेवणासारखं आवतण देणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा निघाला. काकांच्या लेखी जगात दुखणं एकच, सूज. आणि औषध एकच, निर्गुडी. बैलाचा खांदा सुजला, निर्गुडी. मास्तरांची दाढ ठणकली, निर्गुडी. सोसायटीच्या सभेत दोन गट हातघाईवर आले, तेव्हाही काका पाल्याची पेंडी घेऊन दारात तयार उभे होते. "सूज म्हंजी रुसून बसलेला पावणा," ते सांगायचे, "त्याला हाकलायचं न्हाय, समजूत काढायची." मात्र पाला असाच ओरबाडायचा नाही. आदल्या संध्याकाळी झुडपाला अक्षता वाहायच्या, कुणाच्या कुठल्या अवयवाकडं यायचं ते सांगायचं आणि सकाळी न्यायला जायचं.

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. एकदा तिचं मनगट असं सुजलं की बांगड्या रुतून बसल्या आणि बोटं वळेनात. दवाखान्यात बांगड्या फोडायला सांगितलं. एखादी पिचली तरी 'वाढवली' म्हणणारी बाई ती. वडील परगावी कामाला गेलेले असताना हात उघडा करायला ती तयार होईना. काका आले ते तांदूळ मागत. घरात तांदळाचा दाणा नव्हता. शेवटी त्यांनी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीला हळद लावली. "तिलाबी दुष्काळ कळतो," असं आईला म्हणाले आणि ओढ्यात उरलेल्या एकुलत्या एक हिरव्या निर्गुडीकडं निघाले. मी मनातल्या मनात दातओठ खात होतो.

सकाळी त्यांनी पाला ठेचून रस काढला आणि करडईच्या तेलात तडतड थांबेपर्यंत मंद आचेवर आटवला. कोमट तेल चोळून वर वाफवलेला पाला बांधला. दुपारी ठणका ओसरला. दुसऱ्या दिवशी आतून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि त्यात बांगड्या वाजत होत्या. त्या झुडपाला मी मनोमन हात जोडले.

म्हातारपणी काकांचेच गुडघे सुजले, तर हा माणूस नुसता कण्हत पडलेला. निर्गुडी का लावत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "सवताचं आवतण सवता देत न्हाईत."

त्या संध्याकाळी मीच अक्षता घेऊन गेलो. परतलो तर ते उंबऱ्यात बसून होते.

"व्हय म्हणली का?"

"व्हय म्हणाली, काका."

सकाळी तेल मी कढवलं. त्या रात्री त्यांना झोप लागली.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली माझा गुडघा सुजतो. निर्गुडी कुंपणालाच आहे, पण तिला माझं आवतण कुणी द्यायचं? ते कसं देतात, हे घरात कुणालाच ठाऊक नाही.