फळीवरचा मथळा

दिवाळीआधी स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसताना डब्यांखाली अंथरलेला जुना पेपर निघाला. तेलाच्या डागांतूनही मथळा ओरडतच होता: ‘मधुमेहींनो, सुया विसरा! आता मनगटावरचं घड्याळच साखर सांगणार!’

मला शिसारी आली. कुठल्याशा प्रयोगशाळेत अजून धड गर्भही धरला नसेल, आणि यांनी बारशाच्या घुगऱ्या वाटून टाकल्या! लिहिणाऱ्याचं बोट रोज सकाळी कुणी टोचतं का?

फळीवर अंथरायला परवाचा पेपर उघडला, तर पुन्हा तेच घड्याळ आणि तोच निर्लज्ज ‘आता’.

आईने नेहमीसारखी बोटात सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर धरला आणि म्हणाली, “तो मथळा खालच्या बाजूला घाल गं. मागचा मी रोज डबा काढताना वाचायचे.”